चलन म्हणजे अपघाताचा निकाल नव्हे

अपघात कोल्हापूरच्या ताराराणी चौकातला असो वा पुणे-बंगळूर महामार्गावरचा, जखमीच्या दुचाकीवर ट्रिपल सीटचं चलन झालं की ‘आता भरपाई विसरा’ असं घरचेही धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे. दंड होतो तो नियम मोडल्याबद्दल. भरपाई ठरते ती निष्काळजीपणा कोणाचा यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केलं: दुचाकीवर तिघे बसणं कायद्याचा भंग आहे, पण त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली, हे सिद्ध झाल्याशिवाय मागे बसलेल्याची भरपाई कापता येत नाही.

मग नियम मोडणाऱ्यांना मोकळीक मिळते का? नाही. दंड चुकत नाही, आणि संबंध सिद्ध झाला तर भरपाईही घटते. हेल्मेट नसताना डोक्याला मार बसला, तर विमा कंपनी तोच मुद्दा मांडते. चालकाकडे परवाना नसेल, तर अनेकदा कंपनी जखमीला पैसे देते आणि ते वाहनमालकाकडून वसूल करते. म्हणून चलन पाहून खचू नका. पंचनामा, साक्षीदार आणि दवाखान्याचे कागद जपा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हक्काने दाद मागा.