उंचीचा हिशेब: सौंसरच्या वाटांवरच्या जीपांचा मागोवा

2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यात गाडीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक पावसाळ्यात संत्र्याच्या बागेकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या वाटेवर, दुसरी छिंदवाड्याकडे चढताना सिल्लेवानीच्या घाटात. पहिली उंची मागते, दुसरी तोल. गाडी उंच करण्याचा सगळा इतिहास या ओढाताणीचा आहे.

महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या वंशातल्या जुन्या जीपांना पुढे-मागे अखंड एक्सल आणि पाट्यांच्या कमानी. उंची वाढवायची तर कमानीत जादा पाटा घालायचा, नाहीतर शॅकल, म्हणजे कमानीचे टोक चासीला जोडणारा दुवा, लांब करायचा. जादा पाट्याने ओझे पेलते, पण रिकामी गाडी दणके देते. लांब शॅकलचे दुखणे मात्र चटकन दिसत नाही. पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर ते टोक खाली जाते, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल, कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, मोकळ्या रस्त्यावर गाडी भरकटते. कमान आणि एक्सल यांच्यात पाचर बसवून कॅस्टर परत मिळवता येतो. पण त्याच पाचरीने पिनियनचे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचे, तोंड खाली झुकते आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. एवढे करूनही डिफरन्शियल जमिनीपासून होते तेवढ्याच अंतरावर राहते. ते वर उचलतो फक्त मोठा टायर.

2010 साली महिंद्राची थार आली आणि पुढची चाके स्वतंत्र झाली. तिथे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा, होता. त्याचा बोल्ट काही आटे पिळला की गाडीचे नाक वर, खर्च जवळजवळ नाही. म्हणून हा उपाय मोहात पाडतो. पण चाकाच्या खालच्या बाजूची हालचाल त्या उंचीतच संपते. खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, आर्म थांब्याच्या रबरावर आदळतो. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांच्या तोंडाची दिशा) सरकल्याने टायर एका कडेने खाल्ला जातो.

2 ऑक्टोबर 2020 ला आलेल्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग मिळाल्या आणि 226 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. 255/65 आर 18 च्या जागी 255/70 आर 18 टायर घातला, तर व्यास सुमारे 25 मिलिमीटरने वाढतो. गाडी त्याच्या निम्मीच, म्हणजे साडेबारा मिलिमीटर उचलली जाते. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा खरा वेग 82 च्या वर असतो, आणि घाटात इंजिनाची ओढ तेवढी कमी होते. स्प्रिंगला स्पेसर (जाड चकती) घालून गाडी 50 मिलिमीटर उचलली, तर गुरुत्वमध्य वर जातो, पण दोन चाकांमधले अंतर तेवढेच राहते. वळणावर बाहेरच्या चाकांवर जास्त भार येतो आणि अंग झुकते.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट ठामपणे उचलून धरली.

इतक्या वर्षांचा हिशेब मांडला तर निष्कर्ष एकच निघतो: आधी चांगल्या पकडीचा टायर आणि शाबूत शॉकअब्सॉर्बर, त्यानंतरच उंची. उंची हवीच असेल तर थोडकी वाढवा, तीही परिवहन कार्यालयात विचारून, आणि काम झाल्यावर कॅस्टर, कॅम्बर, टो मोजून घ्या. बागेची वाट वर्षातून काही दिवस चिखलाची असते. घाट मात्र बारमाही आहे, आणि गाडीत आपलीच माणसे बसलेली असतात.