न दिसणारी धार

घरातली एखादी सुरी घ्या, धार वर करून दिव्याखाली धरा आणि टोकापासून मुठीपर्यंत नजर फिरवा. जिथे चांदीसारखी बारीक रेघ चमकते, तिथे सुरी बोथट झाली आहे. जिथे काहीच दिसत नाही, तिथे धार आहे. हे मला पहिल्यांदा कळलं त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या सुऱ्या दिव्याखाली नेऊन पाहिल्याशिवाय मला राहवलं नाही. बोथट कड गोल झालेली असते, म्हणून तिच्यावर पडलेला उजेड उसळून डोळ्यात येतो. चांगली धार एका मायक्रॉनहूनही अरुंद असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्याशा जागेवरून डोळ्याला कळेल इतका उजेड परत येत नाही.

या अरुंदपणातच सगळी ताकद आहे. धार अर्धा मायक्रॉन रुंद धरा, ती टोमॅटोला एक सेंटिमीटर लांबीवर टेकली आहे आणि आपण जेमतेम अर्धा किलो वजनाइतका जोर दिला आहे असं समजा. कागदावर हिशेब मांडला तर त्या रेषेवरचा दाब हवेच्या दाबाच्या दहा हजार पट येतो! पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी तो अकराशे पटींच्या आसपास असतो. प्रत्यक्षात टोमॅटो त्याआधीच फाटतो, म्हणून दाब तिथवर जात नाही. पण बोटांच्या हलक्या जोरात किती काही दडलेलं आहे ते यावरून कळतं.

तरीही नुसतं वरून दाबलं तर पिकलेला टोमॅटो चेपतो आणि सुरी जराशी मागेपुढे ओढली की साल अलगद उघडते. असं का, हे 2012 मध्ये हार्वर्डमधल्या एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगरच्या मऊ जेलमधून बारीक तार चालवून तपासलं. तार बाजूला सरकवत नेली की खालच्या दिशेने लागणारा जोर कमी होतो. आपल्या विळीच्या पात्याला बाक असतो आणि भाजी त्याच्यावरून घसरत पुढे जाते, तेव्हा हेच घडत असतं. विळीवर पालेभाजी चिरणाऱ्या हातांना हे सांगावं लागलं नव्हतं.

आता सुरी निवडण्याकडे येऊ. फळ सोलणं, सुतळी कापणं, पार्सलची चिकटपट्टी उघडणं, मिरचीचं देठ काढणं अशा किरकोळ कामांसाठी मला मिटणाऱ्या चाकूपेक्षा पक्क्या पात्याची लहान सुरी जास्त पटते. मिटण्याच्या खाचेत आंब्याचा रस साचतो आणि कळ सैल झाली की पातं बोटांवर येण्याची भीती असते. सुरीला खाच नाही, कळ नाही. वाहत्या पाण्याखाली धरली की स्वच्छ. पातं आठ ते दहा सेंटिमीटरचं पुरे. त्याहून लांब झालं की टोकावरचा ताबा सुटतो.

दुकानात आपण हमखास चुकतो ते जाडीत. जाड पातं मजबूत वाटतं, म्हणून उचललं जातं. पण धार कितीही चांगली असली तरी तिच्यामागून सगळ्या पात्याला फळात शिरावं लागतं. जाड पात्याने सफरचंद कापलं जात नाही, पाचर ठोकल्यासारखं फुटतं. गाजर तर टचकन तुटून दूर उडतं. घरकामाच्या लहान सुरीची पाठ दीड-दोन मिलिमीटरची असावी आणि तिथून धारेपर्यंत पातं सारखं पातळ होत गेलेलं असावं. पोलादाच्या नावापेक्षा मी याला जास्त मान देईन.

अर्थात पोलादाची गोष्टही थक्क करणारी आहे. साधं कार्बनचं पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून एकदम थंड केलं की कार्बनचे अणू जिथल्या तिथे अडकतात आणि धातू काचेसारखा कडक होतो. पुन्हा दीडशे-दोनशे अंशांवर, म्हणजे घरच्या ओव्हनच्या तापमानावर, ते काही वेळ ठेवलं की ठिसूळपणा उतरतो. लोहारकामात या तापवून थंड करण्याला पाणी देणं म्हणतात. आपला ‘पाणीदार’ हा शब्द ऐकला की मला ते पाणीच आठवतं. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद ओतलं आणि न गंजणारी सुरी शक्य झाली. क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा थर धरतं. ओरखडा गेला तर तो थर आपोआप पुन्हा भरून येतो. लिंबू, चिंच, कैरी रोज हाताळणाऱ्या घरात स्टेनलेसच घ्यावं. कार्बनचं पातं धार सुरेख धरतं, पण प्रत्येक वेळी पुसून कोरडं करणाऱ्यानेच त्याच्या वाटेला जावं.

इतकं कडक पोलाद, तरी ते झिजतं. 2020 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी दाढीचं पातं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नास पट मऊ, तरी वाकलेला केस ठरावीक कोनात धारेला भिडला की पात्याचा बारीक टवका उडत होता. केसाने हे होत असेल, तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर काय होत असेल? ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ सुरीच्या पोलादाहून कठीण असतं. ओट्यावर थेट कांदा चिरणं म्हणजे दर वाराला धार दगडावर आपटणं.

म्हणून सुरीबरोबर चिरायला लाकडी फळी घ्या. धार लावायला हजार ग्रिटचा दगड उत्तम. तो नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करून त्याच्या बुडाची, चकाकी नसलेली खरखरीत कड वापरून पाहा. एका बाजूला साधारण पंधरा-वीस अंशांचा कोन धरून, हलक्या हाताने, दोन्ही बाजू सारख्या. आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की पातं आधी पाठीकडून पाहा, मग धार वर करून उजेडात धरा. रेघ चमकली तर ती सुरी खाली ठेवा आणि दुसरी मागा.