क्लार्कसन, जॉर्डन

(७ जून १९९२ – ). फिलिपिनो वंशाचा अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू. गार्ड म्हणजे पिछाडीचा खेळाडू म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्यात टॅम्पा येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे झाले. त्याची आजी (आईची आई) फिलिपीन्समधील पांपांगा प्रांताची. या नात्यामुळेच पुढे त्याला फिलिपीन्सच्या राष्ट्रीय संघातून खेळता आले. महाविद्यालयीन खेळातून व्यावसायिक क्षेत्रात जाण्याची अमेरिकन पद्धती आणि दोन देशांशी नाते असलेल्या खेळाडूपुढील राष्ट्रीयत्वाचा प्रश्न, या दोन्ही दृष्टींनी त्याची कारकीर्द अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी : बास्केटबॉलचा खेळ जेम्स नेस्मिथ याने १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे शोधून काढला. फिलिपीन्सवर १८९८ पासून अमेरिकेची सत्ता होती. त्यामुळे हा खेळ तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच शाळांतून व यंग मेन्स ख्रिश्चन ॲसोसिएशनच्या व्यायामशाळांतून पसरला. बर्लिन ऑलिंपिकमध्ये (१९३६) फिलिपीन्सला पाचवे स्थान मिळाले, तर १९५४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने तिसरा क्रमांक पटकावला. आशिया खंडातील पहिला व्यावसायिक बास्केटबॉल संघ-समूहही १९७५ मध्ये याच देशात स्थापन झाला. गल्लोगल्ली बास्केटची कडी टांगलेली असावी, इतका हा खेळ तेथे लोकप्रिय आहे. असे असूनही अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल ॲसोसिएशन (एन.बी.ए.) या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत फिलिपिनो रक्ताचे खेळाडू फारच थोडे पोहोचले. त्यांतील पहिला रेमंड टाउनसेंड हा होय. त्याची आई फिलिपिनो होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेच्या १९७५ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो गार्ड होता. १९७८ मध्ये गोल्डन स्टेट वॉरिअर्स संघाने त्याची पहिल्याच फेरीत निवड केली. परंतु त्याची व्यावसायिक कारकीर्द अल्पकाळच टिकली. त्यानंतर क्लार्कसनपर्यंतचा काळ जवळजवळ रिकामाच गेला.

महाविद्यालयीन कारकीर्द : क्लार्कसनने २०१० मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा विद्यापीठात प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी (२०११-१२) त्याने दर सामन्यात सरासरी १६·५ गुण मिळविले. त्या हंगामाच्या अखेरीस तेथील प्रशिक्षक बदलला आणि क्लार्कसनने मिसूरी विद्यापीठात जाण्याचा निर्णय घेतला. त्या काळी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस एक संपूर्ण हंगाम सामन्यांपासून दूर राहावे लागे. शिक्षण सोडून खेळासाठीच विद्यापीठे बदलण्याच्या वृत्तीला आळा घालणे, हा या नियमामागील हेतू होता. (२०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलण्याची मुभा देऊन हा नियम सैल करण्यात आला.) त्यामुळे २०१२-१३ चे वर्ष त्याला केवळ सरावात घालवावे लागले. २०१३-१४ मध्ये त्याने मिसूरीसाठी सरासरी १७·५ गुण नोंदविले. मुसंडी मारून कडीपर्यंत पोहोचण्याचे त्याचे कौशल्य निर्विवाद होते. मात्र दूरवरून फेकलेल्या चेंडूंची अचूकता बेताचीच होती. विद्यापीठातील एक वर्ष शिल्लक असतानाच त्याने व्यावसायिक निवडीसाठी आपले नाव दिले.

निवडप्रक्रिया : एन.बी.ए.चे ३० संघ दरवर्षी जून महिन्यात नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात. या निवडीच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतील खेळाडूस ठराविक श्रेणीप्रमाणे वेतनाची हमी मिळते. दुसऱ्या फेरीतील खेळाडूस अशी हमी नसते व त्यांच्यापैकी अनेकांना एकही सामना खेळावयास मिळत नाही. २०१४ च्या निवडीत क्लार्कसनचा क्रमांक ४६ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीतला होता. वॉशिंग्टन विझर्ड्स संघाने त्याला निवडले आणि त्याच रात्री रोख रकमेच्या मोबदल्यात त्याचे हक्क लॉस अँजेल्स लेकर्सकडे दिले.

व्यावसायिक कारकीर्द : पहिल्या हंगामाच्या आरंभी क्लार्कसन बहुधा बाकावरच बसून असे. सरावासाठी त्याला लेकर्सच्या दुय्यम संघातूनही खेळविण्यात आले. तथापि कोबी ब्रायंट प्रभृती प्रमुख खेळाडू दुखापतींमुळे बाहेर पडल्यावर, जानेवारी २०१५ पासून त्याला सामन्याच्या प्रारंभीच मैदानात उतरण्याची संधी मिळू लागली. ८२ पैकी केवळ २१ सामने जिंकणाऱ्या त्या दुबळ्या संघात त्याने ५९ सामन्यांत सरासरी ११·९ गुण मिळविले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नवोदितांच्या पहिल्या पाच जणांत स्थान पटकावले. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या खेळाडूस हा मान क्वचितच लाभतो. २०१६ मध्ये लेकर्सने त्याच्याशी चार वर्षांचा नवा करार केला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीत तो क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्स संघात गेला. त्याच वर्षी हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. परंतु गोल्डन स्टेट वॉरिअर्सने त्याचा ४–० असा पराभव केला. डिसेंबर २०१९ मध्ये क्लार्कसनची रवानगी यूटा जॅझ संघाकडे झाली व तेथे त्याच्या खेळास खऱ्या अर्थाने योग्य जागा सापडली.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू मैदानावर असतात. त्यांच्यानंतर बाकावरून प्रथम उतरणारा तो ‘सहावा खेळाडू’. प्रमुख खेळाडू थकले, की प्रतिपक्षाच्या दुय्यम फळीविरुद्ध झटपट गुण मिळवून आघाडी राखणे वा पिछाडी भरून काढणे, हे त्याचे काम असते. प्रारंभीच्या पाचांत नाव नसणे हा कमीपणा न मानता जो खेळाडू ही भूमिका पत्करतो, तो संघास फार उपयुक्त ठरतो. २०२०-२१ च्या हंगामात यूटाने ७२ पैकी ५२ सामने जिंकून साखळीत अग्रस्थान मिळविले. त्यात क्लार्कसनचा वाटा सरासरी १८·४ गुणांचा होता. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहाव्या खेळाडूचा पुरस्कार त्याला देण्यात आला. यूटा संघातील कोणाही खेळाडूस मिळालेला हा पहिलाच असा पुरस्कार होय. संघाची फेररचना झाल्यावर २०२२-२३ मध्ये तो प्रामुख्याने प्रारंभीच्या पाचांतून खेळला व त्याची सरासरी २०·८ गुणांवर गेली. जुलै २०२५ मध्ये यूटाशी असलेला करार परस्परसंमतीने संपुष्टात आणून तो न्यूयॉर्क निक्स संघात दाखल झाला.

राष्ट्रीय संघ व पात्रतेचा प्रश्न : जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत (२०१८) क्लार्कसन प्रथम फिलिपीन्सकडून खेळला. ही स्पर्धा एन.बी.ए.च्या मान्य स्पर्धांत मोडत नसल्यामुळे त्याला आधी परवानगी नाकारण्यात आली. मात्र काही दिवसांतच अपवाद म्हणून ती देण्यात आली. उद्‌घाटन समारंभात फिलिपीन्सचा ध्वज धरण्याचा मानही त्यालाच मिळाला. चीनविरुद्धचा सामना फिलिपीन्सने ८०–८२ असा अवघ्या दोन गुणांनी गमावला. त्यात क्लार्कसनचे २८ गुण होते. संघास अखेर पाचवे स्थान मिळाले.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा (फीबा) नियम याहून कडक आहे. ज्या खेळाडूने वयाच्या १६ व्या वर्षापूर्वी त्या देशाचे पारपत्र मिळविलेले नसेल, तो वंशाने त्या देशाचा असला, तरी नागरिकत्व स्वीकारलेला खेळाडू गणला जातो आणि प्रत्येक संघात असा एकच खेळाडू घेता येतो. श्रीमंत राष्ट्रांनी परदेशी खेळाडू विकत घेऊन संघ उभारू नयेत, हा या नियमाचा उद्देश रास्त आहे. तथापि देशाबाहेर जन्मलेल्या व मोठेपणी आजोळाकडे वळणाऱ्या खेळाडूंवर त्याने अन्याय होतो, असा आक्षेप फिलिपीन्समध्ये वारंवार घेतला गेला. क्लार्कसनची गणना फीबाने दुसऱ्या गटात केली. परिणामी २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेत जन्माने पूर्णतः अमेरिकन असलेला जस्टिन ब्राउनली व क्लार्कसन यांपैकी एकाचीच निवड करणे फिलिपीन्सला भाग पडले. निवड क्लार्कसनची झाली. फिलिपीन्स या स्पर्धेचा एक यजमान देश होता आणि मानिलाजवळ झालेल्या सलामीच्या सामन्यास ३८,११५ प्रेक्षक उपस्थित होते. विश्वचषकातील हा उपस्थितीचा उच्चांक ठरला. डॉमिनिकन प्रजासत्ताकाविरुद्धच्या त्या सामन्यासह यजमानांनी पहिले चारही सामने गमावले. शेवटच्या सामन्यात मात्र त्यांनी चीनला ९६–७५ असे पराभूत केले. त्यात एकट्या क्लार्कसनने ३४ गुण मिळविले. पुढच्याच महिन्यात हांगजो येथील आशियाई क्रीडासामन्यांत ब्राउनलीसह खेळलेल्या फिलिपीन्सने १९६२ नंतर प्रथमच सुवर्णपदक जिंकले. एकाच जागेसाठीची ही निवड किती अवघड होती, हे यावरून दिसून येते.

मूल्यमापन : क्लार्कसन हा मूलतः आक्रमक खेळाडू. चेंडू खेळवत वेगाने आत शिरणे, एकाएकी थांबून उडी घेऊन फेक करणे आणि संरक्षकाला चकवून स्वतःसाठी जागा निर्माण करणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. संरक्षण व अवघड फेकी घेण्याचा मोह या त्याच्या उणिवा टीकाकारांनी दाखविल्या आहेत. तथापि ४६ व्या क्रमांकावरून निवडलेल्या खेळाडूने दशकाहून अधिक काळ सर्वोच्च पातळीवर टिकून राहणे, ही गोष्ट असामान्य होय. त्याच्यानंतर फिलिपिनो वंशाचे जेलन ग्रीन (२०२१) व डिलन हार्पर (२०२५) हे गार्ड एन.बी.ए.च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले. टाउनसेंडच्या काळी अपवादात्मक वाटणारी ही वाट रुळविण्यात क्लार्कसनचा वाटा मोठा आहे.