अधिकारी-निवास, लॅरमी किल्ल्यातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फोर्ट लॅरमी या सरहद्दीवरील लष्करी ठाण्यात (१८४९–९०) अधिकाऱ्यांसाठी बांधलेली घरे. हे ठाणे वायोमिंग राज्याच्या पूर्व भागात लॅरमी व नॉर्थ प्लॅट या नद्यांच्या संगमाजवळ आहे. केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी १८३४ मध्ये येथे लाकडी कोट उभारण्यात आला व १८४१ मध्ये त्याच्या जागी कच्च्या विटांचा कोट आला. ऑरेगन व कॅलिफोर्निया यांकडे जाणाऱ्या स्थलांतरितांच्या तांड्यांना संरक्षण मिळावे, म्हणून १८४९ मध्ये सैन्याने हे ठाणे ४,००० डॉलरला विकत घेतले. नावात किल्ला असला, तरी लष्करी ठाण्याभोवती तटबंदी नव्हती. कवायतीच्या मोकळ्या मैदानाभोवती अधिकाऱ्यांची घरे, सैनिकांच्या बराकी, कोठारे व कचेऱ्या अशी त्याची मांडणी होती.

सर्वांत जुने अधिकारी-निवास ‘ओल्ड बेडलम’ या नावाने प्रसिद्ध आहे. १८४९ मध्ये बांधलेली ही दुमजली लाकडी इमारत वायोमिंगमधील उभ्या असलेल्या इमारतींपैकी सर्वांत जुनी मानली जाते. तिच्या दोन्ही मजल्यांना पुढील बाजूस सज्जे आहेत. तेथे राहणाऱ्या अविवाहित अधिकाऱ्यांच्या गोंगाटावरून, लंडनच्या जुन्या वेड्यांच्या रुग्णालयाचे हे नाव तिला मिळाले, असे सांगतात. तिचा उपयोग काही काळ मुख्य कचेरी व प्रमुखाचे निवासस्थान म्हणूनही झाला. २१ डिसेंबर १८६६ रोजी फोर्ट फिल कर्नीजवळ लाकोटा, शायेन व अरापाहो योद्ध्यांनी ८१ जणांच्या तुकडीचा संपूर्ण नाश केला. ही वार्ता घेऊन जॉन फिलिप्स हा घोडेस्वार कडाक्याच्या थंडीत सु. ३८० किमी. अंतर तोडून नाताळच्या रात्री येथे पोहोचला, तेव्हा या इमारतीत नृत्यसमारंभ चालू होता.

नंतरच्या काळात विवाहित अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र व जोडघरे बांधण्यात आली. चुना, वाळू व खडी यांचे मिश्रण साच्यात ओतून बनविलेल्या जाड भिंती हे त्यांपैकी अनेकांचे वैशिष्ट्य होय. लष्करी वैद्याचे १८७५ मधील घर या प्रकारचे आहे. १८७० मध्ये पूर्ण झालेले कॅप्टनचे निवासस्थान मुळात ठाण्याच्या प्रमुखासाठी योजिलेले होते. परंतु प्रमुखाने दुसरे घर पसंत केल्यामुळे त्याचे दोन बिऱ्हाडांत विभाजन करण्यात आले.

घराचे वाटप कुटुंबाच्या गरजेवर नव्हे, तर हुद्द्यावर अवलंबून असे. १८७० च्या सुमारास लेफ्टनंटला एक खोली व स्वयंपाकघर, कॅप्टनला दोन खोल्या व स्वयंपाकघर असे प्रमाण होते व ते हुद्द्यानुसार वाढत जाई. पत्नी व मुले यांची गणना त्यात होत नसे. नवा वरिष्ठ अधिकारी दाखल झाला की, त्याला आपल्याहून कनिष्ठ असलेल्या कोणाचेही घर निवडता येई. घराबाहेर पडलेला अधिकारी मग आपल्याहून कनिष्ठाचे घर घेई. समान हुद्द्याच्या अधिकाऱ्यांत नेमणुकीची तारीख निर्णायक ठरे. अशा रीतीने एका आगमनाने अनेक बिऱ्हाडे हलत व अखेरचा लेफ्टनंट कधीकधी तंबूत जाई. सैनिकी बोलीत यास ‘विटा कोसळणे’ म्हणत. आजारपण, बाळंतपण किंवा नुकताच मांडलेला संसार यांमुळे हा हक्क बाधित होत नसे.

मार्था समरहेज ही एका लेफ्टनंटची पत्नी १८७४ मध्ये वायोमिंगमधीलच फोर्ट डी. ए. रसेल येथे आली. युद्धखाते स्त्रियांना मुळी जमेसच धरीत नाही, हा तेथे आलेला अनुभव तिने व्हॅनिश्ड ॲरिझोना (१९०८) या आठवणींत नोंदविला आहे. याउलट पलटणीच्या धोबिणींना १८०२ पासून कायद्याने शिधा मिळे आणि निवारा व औषधोपचार यांचीही सोय होई. ही पद्धत बंद करण्याचा कायदा १८७८ मध्ये झाला. धोबीण सैन्याच्या कामाची म्हणून नियमांत होती. अधिकाऱ्याची पत्नी मात्र नियमांच्या दृष्टीने ठाण्यात असूनही नसल्यासारखी होती.

या घरांचे स्थैर्य भोवतालच्या मूळ रहिवाशांच्या विस्थापनाशी निगडित होते. १८६८ मध्ये याच ठाण्याच्या नावाने झालेल्या तहान्वये ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटांकडे राहिला. परंतु तेथे सोने सापडल्यानंतर १८७६ मध्ये युद्ध झाले व १८७७ मध्ये तो प्रदेश त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. युद्धे संपल्यावर ठाण्याचे प्रयोजनही सरले. १८९० मध्ये ते सोडून देण्यात आले व इमारतींचा लिलाव झाला. अनेक घरे लाकडासाठी मोडली गेली. ठाण्याचा अखेरचा व्यापारी जॉन हंटन याने काही विकत घेतल्यामुळे ती वाचली. वायोमिंग राज्याने १९३७ मध्ये ही जागा खरेदी केली. १९३८ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा, तर १९६० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ओल्ड बेडलमसह काही निवासांचा जीर्णोद्धार करण्यात आला आहे. चुन्याच्या काही घरांच्या मात्र छपराविना भिंतीच शिल्लक आहेत. हुद्द्यांची उतरंड इतक्या उघडपणे दाखविणारी घरे म्हणून लष्कराच्या सामाजिक इतिहासात त्यांना महत्त्व आहे.