३.३ टक्क्यांचा मोह

दक्षिण कोरियात सोल-बुसानमधल्या खासगी इंग्रजी क्लासेसमध्ये, तिथल्या शब्दात ‘हागवॉन’मध्ये, शिकवायला जाणाऱ्या अमेरिकी तरुणाला दोन प्रकारे कामावर घेतलं जातं. एका करारात तो नोकरदार असतो. पगारातून राष्ट्रीय पेन्शनचा आणि आरोग्यविम्याचा हप्ता कापला जातो, मालकही आपला वाटा घालतो. दुसऱ्या करारात तो ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ठरतो आणि कपात होते फक्त ३.३ टक्के: ३ टक्के आयकर, ०.३ टक्के स्थानिक कर. महिन्याच्या शेवटी हातात जास्त पैसे पडतात, म्हणून हा दुसरा करार गोड वाटतो. वेळापत्रक, वर्ग, पुस्तकं सगळं क्लासचंच. ‘स्वतंत्र’ काय ते कागदावर. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांना हा खाक्या समजावून सांगायला नको. पण अमेरिकी नागरिकाला ‘स्वतंत्र’ या एका शब्दाची किंमत कोरियात नव्हे, मायदेशी विवरणपत्र भरताना कळते.

आपल्याकडे कर लागतो तो मुख्यतः वास्तव्यावर. अमेरिका तो नागरिकत्वावर लावते. माणूस कुठेही राहो, विवरणपत्र चुकत नाही. मात्र सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात काढले, तर २०२५ सालासाठी १,३०,००० डॉलरपर्यंतची परदेशातली कमाई आयकरातून वगळता येते. शिक्षकाची कमाई या मर्यादेच्या आसपासही जात नाही. ‘परदेशातला पगार करमुक्त’ हा समज इथूनच आला आणि नोकरदारापुरता तो बराचसा खराही आहे, कारण परदेशी मालकाकडच्या पगारावर अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा करही लागत नाही. व्यावसायिकाचं तसं नाही. वर्षाला ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त निव्वळ कमाई झाली की त्याला १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागू होतो आणि आयकरातली सूट या कराला शिवतही नाही. कोरियात भरलेल्या आयकराची वजावटही या करातून मिळत नाही. ३०,००० डॉलर निव्वळ मिळवणाऱ्याचा हिशेब पाहा: कर लागतो ९२.३५ टक्के रकमेवर, म्हणजे २७,७०५ डॉलरवर. देणं निघतं सुमारे ४,२३९ डॉलर. त्याच वर्गात, तेच व्याकरण शिकवणाऱ्या नोकरदार सहकाऱ्याचं शून्य.

यावर जाणकार म्हणतील, कोरिया आणि अमेरिकेत २००१पासून सामाजिक सुरक्षेचा करार आहे, कोरियात राहणाऱ्या व्यावसायिकाने एकाच देशात वर्गणी भरायची. बरोबर. पण सूट मागायची तर कोरियाच्या पेन्शन यंत्रणेचं प्रमाणपत्र विवरणपत्राला जोडावं लागतं, आणि ३.३ टक्क्यांच्या करारातलं आकर्षण नेमकं हेच असतं की पेन्शनचा हप्ता कापला जात नाही. नोकरदार अमेरिकी कोरिया सोडताना मालकाच्या वाट्यासकट पेन्शनची रक्कम परत घेऊन जातो. व्यावसायिकाकडे परत मागायला काही नसतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भरलेला कर वाया जात नाही, अमेरिकेतल्या निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या ४० श्रेयांकांत त्याची नोंद होते. हे मान्य. ज्याने हे समजून-उमजून पत्करलं त्याच्याशी वाद नाही. पण बहुतेकांना ही निवड आपण केली, हेच ठाऊक नसतं. आणि ‘एवढ्याशा मास्तराला कोण विचारतो’ हा युक्तिवाद तर धोक्याचाच, कारण विवरणपत्र भरलंच नाही तर कर आकारणीची मुदत कधीच संपत नाही.

कोरियात निदान करार तरी आहे. चीन, थायलंड, व्हिएतनामशी अमेरिकेचा असा करार नाही, भारताशीही नाही. अमेरिकेत जन्मलेली मराठी घरातली मुलगी पुण्यात आजीकडे राहून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ऑनलाइन शिकवू लागली, तर तिला १५.३ टक्के तिकडे भरावेच लागतात. १८२ दिवस उलटले की आपला आयकर विभागही तिच्या कमाईचा हिशेब मागतो.