कुंभकोणमच्या वकिलाची झोप

कावेरीकाठच्या कुंभकोणमवर 1676 ते 1799 या काळात तंजावरच्या भोसल्यांची सत्ता होती आणि व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी याच मुलखात मराठी नाटके रचली, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक असते. परंतु पुढे तमिळ व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली तेव्हाही तिच्या आरंभकाळात मनमोहन नाटक कंपनी चालवणारे तंजावरचे गोविंदस्वामी राव हे मराठीभाषक गृहस्थ होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच तंजावर परिसरातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार हे रहस्यकथाकार पुढे आले आणि त्यांच्या कथा आधी रंगमंचावर व मग पडद्यावर गेल्या.

हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने सिद्ध झाली, तसाच रेनॉल्ड्सचा प्रभाव त्या काळच्या तमिळ रहस्यलेखनावरही होता. वडुवूर यांनी मात्र रहस्यकथेतले भय आपल्या घरांत आणून बसवले, आणि हेच त्यांचे खरे सामर्थ्य मानावे लागते. त्यांच्या ‘मेनका’ या कथेत भूतपिशाच्च नाही; सासरच्याच माणसांनी विकून टाकलेली सून आहे. एम. कंदस्वामी मुदलियार यांनी अशा लोकप्रिय कादंबऱ्यांना नाट्यरूप दिले आणि टी. के. एस. बंधूंच्या मंडळीने ‘मेनका’ गावोगावी गाजवली. मराठी नाटक मंडळ्यांप्रमाणेच ही मंडळीही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी होती. ‘बॉइज कंपनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा संस्थांत लहान वयाची मुले राहून शिकत आणि स्त्रीभूमिकाही तीच करीत. 1935 मध्ये राजा सँडो यांच्या दिग्दर्शनाखाली, याच बंधूंना घेऊन, ‘मेनका’ बोलपटही झाला.

कुंभकोणमचा थेट संबंध येतो तो वडुवूर यांच्याच ‘दिगंबर सामियार’ या कथेत. सामियार म्हणजे संन्यासी. हा संन्यासी मात्र वेषांतरात तरबेज असलेला गुप्तहेर आहे, आणि त्याच्यासमोर उभा आहे सट्टनाथ पिळ्ळै हा कुंभकोणमचा कपटी वकील. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने टी. आर. सुंदरम यांच्या दिग्दर्शनाखाली 1950 मध्ये या कथेवर चित्रपट काढला. त्यात एम. एन. नंबियार यांनी एकाच नायकाची अकरा रूपे वठवली. नंबियार पोरवयातच नवाब राजमाणिक्कम यांच्या नाटक मंडळीत दाखल झालेले असल्याने सोंग बदलण्याची ही कला त्यांच्या अंगात मुरलेली होती.

या कथेतील सर्वांत भेदक प्रसंगात मारहाण नाही, शस्त्रही नाही. वकिलाकडून सत्य वदवून घेण्यासाठी त्याला केवळ झोपू दिले जात नाही. डोळा लागला की त्याला जागे करायचे, पुन्हा पापणी मिटली की पुन्हा जागे करायचे, आणि न्यायालयात साक्षीदारांना शब्दांत पकडणाऱ्या त्या माणसाची स्वतःची जीभ सैल होईपर्यंत हेच चालू ठेवायचे, अशी ती योजना आहे. रंगमंचावरील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो, तर मिटू पाहणारी पापणी जवळून दाखवणे कॅमेऱ्यालाच साधते; म्हणून हा प्रसंग मुळापासून पडद्याचाच वाटतो. वेषांतराचे मात्र उलट आहे. नाटकात पात्र विंगेत जाऊन नव्या रूपात परतते, तेव्हा हा तोच नट आहे हे ओळखण्यात प्रेक्षकाचा अर्धा आनंद असतो, आणि पडद्यावर दृश्य क्षणात बदलत असल्याने तो आनंद काहीसा उणावतो.

या कपटी वकिलाच्या गावाचे नाव, म्हणजे ‘कुंभकोणम’ हा शब्द, शेजारच्या मल्याळम भाषेत आर्थिक घोटाळ्यासाठी रूढ आहे आणि वृत्तपत्रे आजही तो सर्रास वापरतात. नंबियार स्वतः मल्याळीभाषक, कन्नूरकडचे. चित्रपटात सट्टनाथ पिळ्ळै झालेले एम. जी. चक्रपाणी हे तमिळ चित्रपटांचे नायक एम. जी. रामचंद्रन यांचे थोरले बंधू. आणि चक्रपाणींनी साकारलेल्या वकिलाला जागवून सत्य बोलायला लावणारे हेच नंबियार पुढे ‘एंग वीट्टु पिळ्ळै’ व ‘आयिरत्तिल ओरुवन’ यांसारख्या चित्रपटांत त्याच रामचंद्रन यांच्यासमोर खलनायक म्हणून उभे राहिले.