मुलांसाठी भरलेली कॅसेट

कर्जत-खालापूरकडच्या जुन्या घरांत माळा आवरायला काढला, की कॅसेटचा एखादा खोका अजून निघतो. छापील वेष्टनाच्या कॅसेट ओळखीच्या असतात: गीतरामायण, अरुण दाते यांची भावगीतं, गणपतीच्या आरत्या, कुठल्या तरी हिंदी सिनेमाची गाणी. त्याच खोक्यात बॉलपेननं नाव लिहिलेल्या दोन-चार कॅसेट असतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते. एकीवर ‘लहान मुलांची’, दुसरीवर ‘ताईसाठी’, तिसरीवर नुसतंच ‘मिक्स’. आईवडिलांनी, मामानं, काकानं आपल्या आवडीची जुनी गाणी निवडून घरातल्या पोरांसाठी भरलेल्या या कॅसेट. दोन्ही तालुक्यांत गाणं एका पिढीकडून दुसरीकडे कसं गेलं, याचा आढावा घ्यायचा तर या खोक्यापासूनच सुरुवात करावी लागते. त्यात प्रसिद्ध गाण्यांच्या शेजारी घरचे आवाजही येऊन बसले आहेत. मला आज त्या आवाजांविषयी विशेष करून बोलायचं आहे.

रेडिओच्या वेळेवर

कॅसेट येण्याआधी गाणं ऐकायचं म्हणजे रेडिओची वेळ पाळायची. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र अमीन सयानींच्या आवाजाला बांधली गेली. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक या गतीनं, गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची ५६ गीतं घराघरांत पोहोचली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. मुंबई केंद्रावरची ‘आपली आवड’ ऐकायला तर शेजारची माणसंही ओटीवर येऊन बसत.

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्याला मुंबई आणि पुणे दोन्ही जवळ. पण वडिलांना आवडणारं गाणं लागलं तेव्हा मुलगा शाळेत असेल, तर ते गाणं त्याच्यापर्यंत कधी पोहोचेल याचा नेम नव्हता. आईवडील हाक मारू शकत होते; गाणं हातात ठेवू शकत नव्हते.

कोरी कॅसेट

फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या देखरेखीखाली तयार झालेली कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आली. आपल्याकडे ती घराघरांत शिरली ती ऐंशीच्या दशकात. तोवर हिंदुस्थानातल्या ध्वनिमुद्रिकांचा बाजार बराचसा एचएमव्हीच्या हातात होता. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स उभी राहिली, स्वस्त कॅसेटचा पूर आला आणि ती मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकानं १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात हा बदल उत्तर भारताच्या संदर्भात तपशिलानं मांडला आहे. मोठ्या कंपनीला ज्यांत रस नव्हता अशा बोलींची, जातीजमातींची, गावोगावची गाणी त्यामुळे बाजारात आली. आपल्याकडे कोळीगीतं, भीमगीतं, आगरी लग्नातली गाणी यांना याच लाटेनं हात दिला.

याच लाटेत कोरी कॅसेटही सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. सी-६० ची एक बाजू तीस मिनिटांची, सी-९० ची पंचेचाळीस. सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं गाणं धरलं तर सी-९० च्या एका बाजूला बारा-तेरा गाणी. ‘टू-इन-वन’ घरात आला की रेडिओवर हवं ते गाणं लागेपर्यंत बटणावर बोट ठेवून बसायचं. निवेदकाचं अर्धं वाक्य गाण्याच्या आधी यायचंच. दोन डेकचा टेप असेल तर एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचं. हे जमत नसेल तर गाण्यांची यादी कागदावर लिहून कॅसेटच्या दुकानात द्यायची आणि दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. पैसे घेऊन अशी भराई करणं कायद्यात बसत नव्हतं. तरी लहान गावांत गाणी पोहोचण्याचा तो मोठा मार्ग होता. घरगुती ध्वनिमुद्रणानं संगीताचा जीव जाईल, अशी मोहीम ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांनी १९८१ मध्ये चालवली होती. संगीत टिकलं, आणि ज्या घरांत एकही तबकडी विकत घेणं शक्य नव्हतं तिथल्या मुलांच्या कानावर ते या मार्गानं पडलं.

रोज लोकलनं मुंबई गाठणाऱ्या कर्जतकरांना आणखी एक सोय होती. व्हीटीला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत गेलं, की १९४८ पासून चालत आलेलं ‘ऱ्हिदम हाऊस’. तिथं गाणं आधी ऐकून मग कॅसेट घेता यायची. हे दुकान २०१६ मध्ये बंद झालं. परतीच्या दोन तासांच्या प्रवासात बॅगेत एक कॅसेट असायची आणि रविवारी तिच्यातली दोन गाणी मुलांच्या कॅसेटवर उतरायची.

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पट्ट्या असत. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे. भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता यायचं. मुलांसाठी भरलेल्या कित्येक कॅसेटच्या पट्ट्या मोडलेल्या दिसतात. हे पुसायचं नाही, असं भरणाऱ्यानं ठरवलं होतं.

काय निवडलं

अशा कॅसेटची सुरुवात बहुधा बालगीतांनी होते. ‘देवबाप्पा’ या १९५३ च्या चित्रपटातलं ‘नाच रे मोरा’ तर हमखास सापडतं: शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, आवाज आशा भोसले यांचा. मागोमाग ‘सांग सांग भोलानाथ’. पाडगावकरांच्या या गीताला मीना खडीकर यांनी चाल दिली आणि शमा खळे यांच्या जोडीनं ते गायलं मीनाताईंच्याच मुलांनी, योगेश आणि रचना यांनी. आईनं आपल्या मुलांच्या गळ्यासाठी बांधलेली चाल महाराष्ट्रातल्या आयांनी आपापल्या मुलांसाठी कॅसेटवर उतरवून घेतली.

तीन-चार बालगीतं झाली की भरणाऱ्याची स्वतःची आवड पुढे येते. शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांचं ‘मी डोलकर’ येतं, आणि घाटाखालच्या आतल्या गावांत, जिथून समुद्र दिसत नाही, तिथल्या पोरांना लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांच्या आवाजात समुद्र भेटतो. ‘शुक्रतारा’ येतं. ‘भातुकलीच्या खेळामधली’ येतं. त्याचे संगीतकार यशवंत देव १९२६ मध्ये पेणला जन्मले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. गाण्यात शब्द आधी पोहोचला पाहिजे, ही त्यांची धारणा. ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तकच त्यांनी लिहिलं. मुलांच्या कॅसेटमध्ये भावगीतं टिकली याचं एक कारण मला यात दिसतं. शब्द स्पष्ट कानावर पडतो, म्हणून अर्थ कळायच्या आधी गाणं पाठ होतं.

दुसऱ्या बाजूला हिंदी. किशोर कुमार आणि राहुलदेव बर्मन असणारच. १९८० च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसननं ‘आप जैसा कोई’ गायलं तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती, आणि घरातली शाळकरी मुलं तो आवाज आपल्याच वयाचा मानत. नव्वदीत पॉप गाण्यांचं पर्व आलं: १९९५ चं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’, १९९६ चं लकी अलीचं ‘सुनो’, आणि मराठीत १९९८ चा ‘गारवा’, सौमित्र यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचा आवाज. तेव्हा कॉलेजात असलेली मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि आपल्या मुलांना ‘जुनी गाणी’ म्हणून हीच ऐकवतात.

अशा कॅसेटवर वाढलेल्या माणसाला भरणाऱ्याचा क्रम आयुष्यभर पुरतो. वीस वर्षांनी तेच गाणं रेडिओवर संपलं, तरी कान पुढच्या ठरलेल्या गाण्याची वाट पाहतो. भावगीतानंतर पॉप आणि पॉपनंतर आरती हा क्रम कुठल्याही कंपनीनं लावला नसता. तो एका माणसानं एका मुलासाठी लावला. मुलाला तेव्हा गाण्यांचे प्रकार ठाऊक नसतात. बाबांना हे आवडतं, आईला ते आवडतं, एवढंच ठाऊक असतं, आणि त्या ओळखीवर त्याची आवड उभी राहते.

बाजारात न मिळालेली गाणी

टेपच्या पुढच्या भागात छोटा माइक असायचा. त्यामुळे घरात भरलेल्या कॅसेटमध्ये कुकरची शिट्टी, पत्र्यावरचा पाऊस, खोपोली लोकलचा भोंगा शिरायचा. वीज गेली की टेप मोठ्या सेलवर चालायचा. सेल उतरले की मोटर मंदावायची आणि त्या वेळी भरलेलं गाणं पुढे ताज्या सेलवर भरभर पळायचं. पण याच माइकमुळे कुणाच्या तरी मनात आलं, की आजीलाही गायला सांगावं. मग सिनेमाच्या गाण्यानंतर मध्येच जात्यावरची ओवी येते, गौरीच्या फेराचं गाणं येतं, नातवासाठी म्हटलेलं अंगाईगीत येतं.

आपल्या भागाची ही गाणी दुकानात क्वचितच मिळाली. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते, विधीच्या प्रत्येक टप्प्याचं गाणं तिला मुखोद्गत असतं. ठाकरवाड्यांत नाचाची, कातकरी वाड्यांत सणाची गाणी आहेत. ती शिकायची ती माणसाकडूनच. घाटावर मावळ-मुळशीत गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ते काम पुढे हजाराहून अधिक गावांत पसरलं, लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या गाणाऱ्या बायांच्या नावा-गावासह ऐकायला मिळतात. तिथं जे अभ्यासकांनी केलं, ते घाटाखालच्या काही घरांत एका कोऱ्या कॅसेटनं केलं, एका आजीपुरतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडीतली माणसं तिच्याखाली गेली. तोंडी चालत आलेलं गाणं फक्त माणसाच्या आधारानं उभं असतं, आणि माणूस गेला की सोबत जातं. त्या दुर्घटनेनंतर हे वाक्य मला पुस्तकी वाटत नाही.

कार्ड, पेनड्राइव्ह आणि याद्या

कॅसेटनंतर एमपीथ्री सीडी आली, मग पेनड्राइव्ह, मग मोबाइलचं मेमरी कार्ड. स्टेशनाजवळच्या मोबाइलच्या दुकानांत थोड्या पैशांत कार्ड भरून मिळू लागलं. ज्या वाड्यांत टेप कधी पोहोचला नाही तिथं गाणी साठवून ठेवण्याची सोय पहिल्यांदा या कार्डानं नेली. दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांसोबतही ते गेलं. मात्र कार्डात एका दमात शेकडो गाणी येतात. निवड दुकानदाराची, क्रम कुणाचाच नाही.

२०१७ मध्ये सारेगामानं पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ हा प्लेअर काढला. पुष्कळ घरांत तो मुलांनी आईवडिलांना भेट दिला. आता फोनवरच्या ॲपमध्ये गाण्यांना तोटा नाही. मुलासाठी यादी करायला दहा मिनिटं पुरतात. परदेशातल्या मराठी घरांतल्या नातवंडांना आजोबा इथून यादी पाठवू शकतात, ही मोठीच सोय आहे. पण यादी संपली की यंत्र आपल्या मनानं पुढचं गाणं लावतं आणि निवडणाऱ्याचा हात सुटतो. कंपन्यांचे करार संपले की काही गाणी यादीतून नाहीशी होतात. आणि आजीची ओवी तिथं नसतेच.

आता काय करावं

पहिलं काम जुन्या कॅसेट वाचवण्याचं. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा हे फितीचे शत्रू. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये, बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. बाकीच्या कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्याव्यात. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून साधी वायर संगणकाला जोडायची आणि ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरवर दोन्ही बाजू सलग उतरवून घ्यायच्या. गाणी तोडून वेगळी करू नयेत, क्रम जपावा. मधले आवाजही पुसू नयेत. वेष्टनावरच्या हस्ताक्षराचा फोटो सोबत ठेवावा आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

दुसरं काम नवं संकलन करण्याचं, आणि दिवाळीच्या सुट्टीइतका चांगला मुहूर्त नाही. माझा आग्रह पंचेचाळीस मिनिटांच्या मर्यादेचा आहे. मर्यादा असली की निवडावं लागतं, आणि निवडताना आपल्याला खरंच काय आवडतं ते आपल्यालाही कळतं. निम्मी गाणी लता-आशा-किशोरची, नाझिया-लकी अलीची असू देत. उरलेली निम्मी बाजू घरच्यांची: आजीची ओवी, आत्याचं गौरीचं गाणं, शेजारच्या धवलारणीला विचारून, तिच्या संमतीनं आणि तिचं नाव सांगून घेतलेला एखादा धवला. प्रत्येक गाण्याआधी आपल्या आवाजात दोन वाक्यं बोलावीत: हे गाणं कुणाचं, आणि ते मी तुला का देतोय.

प्रसिद्ध गाण्यांचा सांभाळ कंपन्या करतीलच, त्यात त्यांचा व्यवसाय आहे. कर्जत-खालापूरच्या एखाद्या घरातल्या आजीचं गाणं सांभाळण्यात घराखेरीज कुणाचंच हित गुंतलेलं नाही. तेव्हा आधी तिचा आवाज भरून घ्यावा, बाकीची गाणी नंतरही मिळतील.